सिग्नलला गाडी थरथरते? भाग बदलण्याआधी हे क्रमाने तपासा

गाडी न्यूट्रलला उभी आहे आणि स्टिअरिंग हातात थरथरतंय. आरशातली मागची गाडी धूसर दिसते, आरपीएमचा काटा एका जागी ठरत नाही, एसी लावला की इंजिन आता बंद पडतं की काय अशी धाकधूक. गॅरेजमध्ये याला 'मिसिंग मारतेय' म्हणतात, किंवा 'स्लो रेस पकडत नाही'. सेकंडहँड गाडी घेतलेल्यांचा पहिला मोठा खर्च बऱ्याचदा इथेच होतो. या एका लक्षणामागे दहा-बारा कारणं असू शकतात, आणि अंदाजाने एकेक भाग बदलत गेलं की प्लग नवे, कॉइल नवी, सेन्सर नवा, आणि शेवटी सापडतो तो चिरलेला रबरी पाईप.

म्हणून इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी फुकटातलं, मग स्वस्तातलं, आणि इंजिनाचं हेड (सिलिंडरांवरचा भाग) उघडण्याची भाषा सगळ्यात शेवटी. हा लेख फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल आणि पेट्रोल-सीएनजी गाड्यांपुरता आहे. डिझेलवाल्यांनी एअर फिल्टर आणि माउंटिंग (इंजिन ज्या रबरांवर बसतं ते) एवढंच घरी पाहावं. कॉमन रेलच्या, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या पाईपमध्ये इंजिन चालू असताना कित्येकशे बार दाब असतो, आणि तिथून सुटलेली बारीक धार कातडी भेदून आत जाते. तिथे नवशिक्याचं काम नाही.

हत्यारं फार लागत नाहीत: तुमच्या प्लगच्या मापाचा पाना, १० नंबरचा टी-पाना, स्क्रू ड्रायव्हर, पकड, टॉर्च, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), थ्रॉटल बॉडी क्लीनरचा डबा आणि स्वच्छ चिंध्या. शिवाय गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं, मोबाईलला ब्लूटूथने जोडणारं ओबीडी डोंगल घ्याच. ऑनलाइन ते हजाराच्या आत मिळतं आणि पहिल्याच वेळी वसूल होतं.

हात घालण्याआधी चार गोष्टी. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, न्यूट्रलला. ऑटोमॅटिक असेल तर 'पी'मध्ये. बंद पार्किंगमध्ये किंवा शटर ओढलेल्या गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. ओढणी, सैल बाही, गळ्यातली चेन पट्ट्यापासून लांब. रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होतो, तेव्हा त्याच्या आसपास बोटं नकोत. आणि चालू इंजिनावर कॉइलची (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) वायर हाताने उपटायची नाही. तिथे हजारो व्होल्ट असतात. जुने मेस्त्री उपटताना दिसतील. तुम्ही इंजिन बंद करूनच काढा.

आधी ठरवा: इंजिनच अडखळतंय, की नुसता थरथराट आत येतोय?

इंजिन गरम झाल्यावर बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांचा आयडल (स्लो रेस) ७०० ते ९०० आरपीएमच्या दरम्यान असतो. थंड इंजिन सुरू केल्यावर तो १२०० ते १५०० वर जातो आणि मिनिट-दोन मिनिटांत खाली येतो. एसी लावल्यावर थोडा वाढतो. हे सगळं ठीक आहे, त्याची काळजी करू नका.

तुमची गाडी तीन सिलिंडरची आहे का, हेही पाहून घ्या. ऑल्टो, क्विड, टियागो, एक लिटरची वॅगन आर, २०२४ पासूनची स्विफ्ट, या सगळ्या तीन सिलिंडरच्या. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. म्हणजे ८०० आरपीएमला चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला साधारण २७ ठोके पडतात आणि तीन सिलिंडरच्या इंजिनात २०. ठोके विरळ, म्हणून थरथर मुळातच थोडी जास्त. चार सिलिंडरच्या गाडीवरून तीनच्या गाडीवर आलेल्या माणसाला पहिले काही दिवस 'काहीतरी बिघडलंय' असं वाटतंच. शंका असेल तर त्याच मॉडेलची दुसरी कुणाची गाडी पाच मिनिटं चालवून पाहा.

आता बॉनेट उघडा, इंजिन चालू ठेवा आणि मागे सायलेन्सरपाशी जाऊन ऐका. निरोगी इंजिनाचा आवाज एकसारखा येतो. एखादा सिलिंडर पेटत नसेल, म्हणजेच मिसिंग असेल, तर ठरावीक अंतराने 'फट्' असा खंड पडतो. सायलेन्सरच्या तोंडापाशी कागदाची पट्टी धरा. ती एकसारखी फडफडायला हवी. मधूनच आत ओढली जात असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नसल्याची शंका घ्या आणि ते लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

काटा स्थिर, सायलेन्सरचा आवाज एकसारखा, पण केबिन हादरतंय? मग बहुधा इंजिन माउंटिंग. रबर बसलं, फाटलं की इंजिनाची नेहमीचीच थरथर थेट बॉडीत उतरते. खूण अशी, की रेस थोडी वाढवली, १२०० च्या आसपास नेली, की थरथर एकदम जाते. एसी लावला किंवा ऑटोमॅटिकमध्ये ब्रेक दाबून 'डी'मध्ये टाकलं की वाढते. माउंटिंगचं रबर टॉर्च मारून पाहा: चीर, तेल, एका बाजूला झुकलेलं इंजिन. दोष इथेच असेल तर पुढचं काहीही करायची गरज नाही.

कधी होतं, ते लिहून काढा

नवशिके ही पायरी गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे हीच वाचवते. दोन दिवस गाडी वापरा आणि मोबाईलवर नोंद करा. थंड असताना की गरम झाल्यावर? एसीवर की नेहमीच? पेट्रोलवर, सीएनजीवर, की दोन्हीवर? पाऊस किंवा धुण्यानंतर? टाकी भरल्या भरल्या? सर्व्हिसिंग किंवा बॅटरी बदलल्यापासून?

पाऊस किंवा वॉशिंग सेंटरनंतर सुरू झालं तर प्लगच्या खोबणीत पाणी किंवा वायरिंगच्या जोडात ओल. टाकी भरल्यावर सुरू करायला त्रास आणि मग काही मिनिटं अडखळणं, हे पर्ज व्हॉल्व्ह उघडा राहिल्याचं लक्षण. टाकीतली पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या कॅनिस्टरमधून ती वाफ नको तेव्हा इंजिनात ओढली जाते. बॅटरी काढल्यावर सुरू झालं तर ईसीयूची (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरची) आयडलची शिकवण पुसली गेलेली असते, आणि थ्रॉटलवर (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेवर) कार्बन असेल तर तो आता उघडा पडतो. सर्व्हिसिंगनंतर सुरू झालं तर कुठेतरी क्लॅम्प बसलेला नाही, डिपस्टिक अर्धवट आहे, ऑइलचं झाकण सैल आहे किंवा एअर फिल्टरचं खोकं नीट मिटलेलं नाही.

सीएनजी गाडीवाल्यांच्या हातात तर तपासणीचं एक हत्यार आयतंच आहे: स्विच. पेट्रोलवर छान आणि सीएनजीवर अडखळते, असं असेल तर सीएनजीचा फिल्टर, रेग्युलेटर, इंजेक्टर यांच्यावर संशय जातो. पण त्याआधी प्लग आणि कॉइल बघा. सीएनजीचं मिश्रण पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे थकलेला प्लग पेट्रोलवर खपून जातो आणि सीएनजीवर उघडा पडतो. उलट सीएनजीवर छान आणि पेट्रोलवर वाईट असेल तर पेट्रोलचे इंजेक्टर चिकटलेले असण्याची शक्यता मोठी. महिनोन् महिने गाडी फक्त सुरू करण्यापुरती पेट्रोलवर चालते, टाकीत तेच जुनं पेट्रोल, मग हे होणारच. अशांनी आठवड्यातून एकदा तरी काही किलोमीटर पेट्रोलवर चालवायची सवय लावावी. सीएनजीच्या पाईपांना मात्र घरी हात लावू नका. भरलेल्या टाकीत २०० बारच्या आसपास दाब असतो.

चेक इंजिनचा दिवा काय सांगतो

दिवा स्थिर पेटलेला असेल तर बेताने गाडी चालवत गॅरेज गाठता येतं. दिवा लुकलुकत असेल तर मिसिंग इतकं आहे, की न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन जळतंय. रेस कमी करा, गाडी बाजूला घ्या. कन्व्हर्टरची किंमत प्लगांच्या कित्येक पट असते.

डोंगल लावायची जागा स्टिअरिंगखाली, गुडघ्याच्या वर. कोड वाचा, फोटो काढा आणि लगेच पुसू नका. कोडसोबत ईसीयूने त्या क्षणाचे आरपीएम, तापमान, वेग यांची नोंद ठेवलेली असते. कोड पुसला की तीही जाते. या तक्रारीत सहसा दिसणारे कोड थोडेच. पी०३०० म्हणजे कोणताही एक ठरावीक नव्हे, वेगवेगळे सिलिंडर मिसिंग मारताहेत. पी०३०१ ते पी०३०४ मध्ये शेवटचा आकडा सिलिंडरचा. पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त किंवा पेट्रोल कमी, पी०१७२ म्हणजे उलट. पी०५०६ म्हणजे आयडल ठरल्यापेक्षा खाली, पी०५०७ म्हणजे वर.

कोड कुठे बघायचं ते सांगतो. कोणता भाग बदलायचा, ते त्यात लिहिलेलं नसतं. पी०१७१ आला की 'ऑक्सिजन सेन्सर बदला' असा सल्ला हमखास मिळतो, आणि सेन्सर बिचारा बऱ्याचदा खरंच बोलत असतो. त्यातही एक गोम आहे. एखादा सिलिंडर पेटत नसेल तर त्यातला न वापरलेला ऑक्सिजन सायलेन्सरकडे जातो, सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि मिसिंगच्या कोडसोबत पी०१७१ ही येतो. दोन्ही एकत्र दिसले तर आधी मिसिंग सोडवा.

डोळे, कान आणि पकड

इंजिन बंद करून टॉर्चने पाहणी. एअर फिल्टर काढून बघा. धुळीने बंद झालेला फिल्टर आयडल क्वचितच बिघडवतो, पण त्या खोक्यात बऱ्याचदा दुसरंच सापडतं: नारळाच्या शेंड्या, वाळकी पानं, उंदराचं घरटं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, विशेषतः पावसाळ्यात, उंदीर हा वायरिंगचा पहिला शत्रू. इंजेक्टर आणि कॉइलकडे जाणाऱ्या बारीक वायरी एकेक करून पाहा, खालच्या बाजूनेही. कुरतडलेली वायर कधी तुटते, कधी अर्धी तुटते, आणि अर्धी तुटलेली जास्त छळते. तंबाखूची पानं आणि डांबराच्या गोळ्या ठेवणारे खूप आहेत. माझा त्यावर फार विश्वास नाही. बॉनेटखाली खालून जाळी लावून घेणं आणि गाडीत खाऊ न ठेवणं जास्त उपयोगी.

मग व्हॅक्यूमचे पाईप. आयडलला थ्रॉटल जवळपास बंद असतो आणि इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) जोरदार ओढ असते. त्या ओढीवर ब्रेक बूस्टर चालतो, पीसीव्ही व्हॉल्व्हमधून इंजिनातली वाफ खेचली जाते, पर्ज लाइन चालते. यातला कोणताही रबरी पाईप चिरला की न मोजलेली हवा आत शिरते. आपल्याकडच्या उन्हाने आणि इंजिनाच्या उष्णतेने रबर सात-आठ वर्षांत कडक होतं. चीर बहुधा पाईपच्या टोकाशी, क्लॅम्पच्या लगत किंवा वळणाच्या खालच्या अंगाला असते. बोटाने वाकवून पाहिल्याशिवाय ती दिसत नाही.

इंजिन चालू करून 'सूऽऽ' असा आवाज येतो का ऐका. मग पकडीच्या तोंडाला चिंधी गुंडाळून एकेक पाईप क्षणभर दाबा. एखादा पाईप दाबताच इंजिन सुधारलं, तर गळती दाबलेल्या जागेच्या पलीकडे, मॅनिफोल्डपासून लांबच्या बाजूला आहे. पर्ज लाइन दाबून फरक पडला तर पर्ज व्हॉल्व्ह. ब्रेक बूस्टरचा पाईप दाबून फरक पडला तर बूस्टर किंवा त्याचा पाईप, आणि मग गाडी चालवू नका, कारण प्रश्न ब्रेकचा आहे. कार्बोरेटर क्लीनरचा फवारा मारून गळती शोधायची पद्धत गॅरेजमध्ये सर्रास चालते. गरम एक्झॉस्टच्या शेजारी तो ज्वालाग्राही फवारा मारायला मी नवशिक्याला सांगणार नाही. गॅस्केटच्या सांध्यावर बाटलीतून साध्या पाण्याचे चार थेंब सोडले तरी क्षणभर आवाज बदलतो. फक्त कॉइल आणि वायरींच्या जोडांपासून पाणी दूर ठेवा.

परदेशी व्हिडिओंत व्हॅक्यूम गळतीचं लक्षण म्हणून पी०१७१ सांगतात. तिकडच्या पुष्कळ गाड्यांत आत येणारी हवा थेट मोजणारा एमएएफ सेन्सर असतो. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत त्याऐवजी एमएपी सेन्सर असतो, जो मॅनिफोल्डमधला दाब मोजतो. गळतीची हवाही त्या दाबात दिसते, म्हणून ईसीयू तिच्या हिशेबाने पेट्रोल टाकतो. परिणाम असा, की कोड येतच नाही. आयडल मात्र वर चढतो किंवा वरखाली हेलकावतो. 'स्कॅनरवर काहीच नाही, म्हणजे पाईप ठीक आहेत' असं समजू नका.

प्लग आणि कॉइल

इंजिन थंड असताना प्लग काढा. हेड ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना जोर लावला तर आटे जातात. काढण्याआधी खोबणीतली धूळ हवेने किंवा ब्रशने साफ करा, नाहीतर ती सिलिंडरमध्ये पडेल. प्लग काढले की सिलिंडरच्या क्रमानेच कागदावर मांडा, एक-दोन-तीन-चार असं लिहून. पट्ट्याच्या बाजूचा सहसा पहिला, पण आपल्या गाडीचं खात्रीने पाहून घ्या.

टोकाचा रंग वाचा. बिस्किटासारखा फिका तपकिरी म्हणजे छान. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. काळा आणि तेलकट म्हणजे ऑइल आत येतंय. पेट्रोलने ओला म्हणजे इंजेक्टर चालू आहे, ठिणगी नाही. सीएनजीवर जास्त चालणाऱ्या गाडीचे प्लग मुळातच फिके, पांढरट दिसतात. त्यावरून घाबरू नका. चारपैकी एकच वेगळा दिसतो का, हा खरा प्रश्न. सगळे सारखेच काळे असतील तर दोष सगळ्या सिलिंडरांना लागू असलेल्या भागात. एकच वेगळा असेल तर त्याच सिलिंडरमध्ये. पांढऱ्या चिनीमातीवर उभी काळी रेघ दिसली तर तो प्लग चिरलाय, ठिणगी बाहेरून पळते. तो थेट टाका.

गॅप फीलर गेजने मोजा आणि गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडा. इरिडियमचा प्लग असेल तर गॅप ठाकून-ठोकून बदलू नका, बारीक टोक मोडतं. प्लग बसवताना पहिले आटे हातानेच, पाना नंतर. शेवटचा ताण पुस्तिकेत दिल्याप्रमाणे. अंगचा जोर इथे दाखवायचा नाही.

आता कॉइल. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असेल तर तपासणी फुकटात होते. समजा कोड पी०३०२ आहे. इंजिन बंद करा, दोन नंबरची कॉइल तीन नंबरवर आणि तीनची दोनवर लावा, कोड पुसा, गाडी पुन्हा चालवा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल खराब. तसाच राहिला तर आता प्लगची अदलाबदल. प्लगसोबतही कोड हलला नाही, तर उरतं इंजेक्टर, वायरिंग किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण दाबलं जाण्याचा जोर). एका वेळी एकच गोष्ट हलवायची. दोन एकदम हलवल्या तर उत्तर मिळतं, पण ते कशाचं, हे कळत नाही.

कॉइलच्या रबरी बुटावर पांढरी पूड किंवा गंज दिसला तर खोबणीत पाणी जातंय. ऑइल साठलेलं दिसलं तर टॅपेट कव्हरचं गॅस्केट किंवा प्लगच्या नळ्यांची सील गेली आहेत. ती बदलल्याशिवाय नवी कॉइल घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

थ्रॉटल बॉडी

रहदारीत रांगणाऱ्या गाडीच्या थ्रॉटलवर कार्बन हमखास बसतो. पुण्या-मुंबईच्या रोजच्या ट्रॅफिकमधली गाडी असेल तर आयडल हळूहळू खाली सरकण्याचं आणि एसी लावल्यावर गचका बसण्याचं हे नेहमीचं कारण. झडप जवळपास बंद असताना तिच्या कडेच्या फटीतून जी थोडी हवा जाते तिच्यावरच आयडल चालतो, आणि कार्बन नेमका तीच फट बुजवतो.

इग्निशन बंद, किल्ली काढलेली. एअर फिल्टरकडून येणारी जाड नळी क्लॅम्प सैल करून काढा, थ्रॉटल समोर दिसेल. क्लीनर थेट आत फवारू नका. चिंधीवर घ्या आणि झडपेची कड, मागची बाजू आणि भोवतालची भिंत पुसा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर इग्निशन चालू असताना बोटाने झडप अजिबात ढकलू नका: मोटर फिरली तर बोट जाईल, नाहीतर आतले प्लास्टिकचे दाते. बंद असतानाही हळुवार. काही थ्रॉटलच्या भिंतीवर कारखान्यातच लेप दिलेला असतो, म्हणून सँडपेपर किंवा तारेचा ब्रश बाद. जुन्या केबल-थ्रॉटलच्या गाड्यांत आयडलची हवा वेगळ्या छोट्या व्हॉल्व्हमधून जाते. तो काढून त्याचं टोक आणि त्याची वाट साफ करा.

साफ केल्यावर आयडल थोडा वेळ चढलेला राहील. ईसीयूला जुन्या बुजलेल्या फटीची सवय असते. एसी, दिवे सगळं बंद ठेवून इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, दहा मिनिटं आयडलवर ठेवा, मग एसी लावून आणखी पाच. बऱ्याच गाड्या एवढ्यात शिकतात; काहींना स्कॅनरवरून 'थ्रॉटल लर्निंग' द्यावं लागतं. आयडल चढा आहे म्हणून थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू फिरवणारा कारागीर भेटला तर त्याला थांबवा. तो स्क्रू कारखान्यात लावलेला असतो.

डोंगलवरचे आकडे, आणि पीयूसीची पावती

इथवर सापडलं नसेल तर ॲपमध्ये चालू आकडे उघडा. आधी कूलंटचं तापमान. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी ते हवेच्या तापमानाइतकं हवं, गरम झाल्यावर ८५ ते १०० अंश. इंजिन गरम असून ॲप ३० दाखवत असेल तर ईसीयू थंड इंजिन समजून पेट्रोल ओततोय.

मग फ्युएल ट्रिम. ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून ईसीयूने पेट्रोल किती टक्के वाढवलं वा घटवलं, तो हा आकडा. शॉर्ट आणि लाँग दोन्हींची बेरीज करा. अधिक-उणे दहा टक्क्यांपर्यंत चालतं. एमएएफच्या गाडीत आयडलला अधिक २० आणि २५०० आरपीएमला अधिक ३ दिसलं तर व्हॅक्यूम गळती. दोन्हीकडे अधिक, आणि चढावर आणखी वाढतं, तर पेट्रोलच कमी पोचतंय: फिल्टर किंवा पंप. मोठा उणे आकडा म्हणजे जास्तीचं पेट्रोल कुठून तरी येतंय, गळका इंजेक्टर किंवा पर्ज व्हॉल्व्ह.

डोंगल नसेल तर पीयूसीची पावती बघा. त्यावर आयडलला मोजलेला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसी (न जळलेलं इंधन) छापलेला असतो. बीएस-४ आणि बीएस-६ पेट्रोल कारला मर्यादा सीओ ०.३ टक्के आणि एचसी २०० पीपीएम. सीओ जास्त म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त. सीओ ठीक पण एचसी भडकलेला म्हणजे पेट्रोल न जळता बाहेर पडतंय, अर्थात मिसिंग. अट एवढीच, की नळी खरोखर सायलेन्सरमध्ये घातलेली असावी.

पेट्रोलवरच संशय असेल, पंप बदलल्यापासून त्रास असेल, तर पंपावर फिल्टर पेपरची चाचणी मागता येते. ती ग्राहकाला मोफत करून दाखवावी लागते. पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणून पावसाळ्यात अर्ध्या टाकीवर महिनोन् महिने गाडी उभी ठेवू नये.

आता कॉम्प्रेशन

प्लग, कॉइल, पाईप, थ्रॉटल, आकडे, सगळं ठीक, आणि एकच सिलिंडर अजून मिसिंग मारतो. आता कॉम्प्रेशन गेज. हे गॅरेजमध्ये करून घ्या, पण समोर उभे राहा. सगळे प्लग काढलेले, इंजेक्टर बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी चांगली. छोट्या पेट्रोल इंजिनात १५० ते २०० पीएसआयच्या घरातला आकडा सहसा दिसतो, पण सिलिंडरांमधला फरक जास्त बोलका. तीन १७५ वर आणि एक ११० वर, म्हणजे गुन्हेगार सापडला. त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं: आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाड्यांत इथे एक वेगळी शक्यता असते. कोरड्या गॅसवर व्हॉल्व्ह सीट लवकर झिजते, व्हॉल्व्ह आत बसत जातो आणि टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेत ठेवलेली फट) कमी कमी होतो. मग गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. सकाळी गाडी छान, अर्ध्या तासाने सिग्नलला थरथर, आणि सायलेन्सरपाशी धरलेली पट्टी आत ओढली जाते. अशा वेळी कॉम्प्रेशन गरम इंजिनावर मोजायला सांगा; थंडावर ते ठीक दिसेल. वेळेत सापडलं तर नुसतं टॅपेट सेटिंग करून भागतं, उशीर झाला तर हेडचं काम.

गॅरेजला जाताना तुमच्या नोंदी, कोडचा फोटो आणि काय काय अदलाबदल करून पाहिली ते सांगा. 'गाडी थरथरते' म्हणण्यापेक्षा 'गरम झाल्यावर, एसी नसताना, दोन नंबर मिसिंग, कॉइल आणि प्लग बदलून पाहिले' असं सांगितलंत की कारागीरही सरळ मुद्द्यावर येतो. काढलेले जुने भाग परत मागा. काम झाल्यावर कोड पुसा, थंड इंजिनापासून पूर्ण गरम होईपर्यंत आणि थोडं चढावर अशी गाडी फिरवा, आणि डोंगलवर 'पेंडिंग' कोड पाहा. मिसिंग अजून थोडं उरलं असेल तर दिवा पेटण्याआधी ते तिथे दिसतं.